निकोडेमस (कॅन्सस) : एका प्रेअरी गावाचा इतिहास आणि लोकसंख्या

सारांश

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील निकोडेमस हे गाव इ. स. १८७७ मध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसविले. दहा वर्षांत ते भरभराटीस आले आणि त्यानंतर रेल्वेमार्ग, अवर्षण व शेतीच्या यांत्रिकीकरणामुळे उत्तरोत्तर लहान होत गेले. २०२० च्या जनगणनेत तेथे अवघी १४ माणसे नोंदली गेली. प्रस्तुत लेखात या गावाच्या इतिहासाचा मागोवा घेऊन अतिशय लहान वस्तीच्या लोकसंख्येचे आकडे कसे वाचावेत, तसेच अशी गावे का रिकामी होतात, या प्रश्नांचे विवेचन केले आहे.

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजधान्या, बंदरे आणि औद्योगिक नगरे यांना जेवढे स्थान मिळते तेवढे लहान खेड्यांना मिळत नाही. खेड्याचा उल्लेख झालाच तर तो 'ग्रामीण समाज' या सामान्य नामाखाली होतो. तथापि काही खेडी अशी असतात की त्यांच्या शे-दीडशे वर्षांच्या आयुष्यात एखाद्या खंडाचा इतिहास सामावलेला असतो. उत्तर अमेरिकेतील प्रेअरी प्रदेशात, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ मैदानात, अशी शेकडो गावे आहेत. त्यांपैकी बहुतेक १८६० ते १९१० या अर्धशतकात वसली, वाढली आणि पुढील शतकात ओसरली. आपल्याकडील महसुली दप्तरात ज्यांना 'बेचिराग' गावे म्हणतात, त्या अवस्थेच्या उंबरठ्यावर यांतील अनेक गावे आज उभी आहेत.

निकोडेमसचा इतिहास या सर्वसाधारण चित्रात बसतो. पण तो त्यापेक्षा काहीसा वेगळाही आहे. हे गाव वसविणारे लोक जमिनीचे मालक होण्यापूर्वी बारा वर्षांपर्यंत स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता मानले जात होते. त्यामुळे तेथील प्रत्येक एकर जमिनीला केवळ आर्थिक अर्थ नव्हता. मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक संदर्भ ध्यानात घेण्याजोगा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, दास्यविमोचनाच्या कार्यात औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या अमेरिकन जनतेस अर्पण केला होता. त्यानंतर चारच वर्षांनी, मुक्त झालेल्या त्याच लोकांपैकी काहींना मुक्ती टिकविण्यासाठी आपला प्रांत सोडून ओसाड गवताळ रानात जावे लागले. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य आणि जमिनीच्या आधाराने उभे राहणारे स्वातंत्र्य यांतील अंतर निकोडेमसच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१. भूमी आणि तिची मोजणी

निकोडेमस हे कॅन्ससच्या वायव्य भागातील ग्रॅहॅम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी ५० ते ६० सें. मी. इतके असून ते बेभरवशाचे आहे. नदीकाठ सोडल्यास झाडे फारशी नाहीत. पहिल्या वसाहतकारांना इमारती लाकूड व सरपण या दोन्हींची टंचाई भासली, त्याचे कारण हेच.

या भूमीवर वसाहत होण्यापूर्वी ती निर्मनुष्य नव्हती. पॉनी, शायेन, कान्सा इत्यादी आदिवासी जमातींच्या वावराचे व शिकारीचे हे क्षेत्र होते. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने हा प्रदेश वसाहतीस खुला झाला आणि १८६७ च्या मेडिसिन लॉज करारानंतर दक्षिणेकडील मैदानी जमातींना राखीव क्षेत्रात लोटण्यात आले. 'मोफत जमीन' हा शब्दप्रयोग वापरताना ती कोणाकडून घेऊन मोफत वाटली गेली याचा विसर पडू नये.

सरकारने ही भूमी चौरसांत मोजली होती. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौरसास 'टाउनशिप' म्हणत. त्यात एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ विभाग असत आणि प्रत्येक विभागाचे १६० एकरांचे चार चतुर्थांश पाडले जात. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या कारकिर्दीत १८६२ साली संमत झालेल्या होमस्टेड कायद्यानुसार, किरकोळ शुल्क भरून पाच वर्षे प्रत्यक्ष वास्तव्य व मशागत करणाऱ्या कुटुंबप्रमुखास असा एक चतुर्थांश मिळू शकत असे. या कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख दाव्यांना मालकीहक्क मिळाला आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता. मुक्त झालेल्या गुलामांना तो लागू होता. निकोडेमसच्या स्थापनेचा कायदेशीर पाया हाच होय.

मात्र १६० एकर हे परिमाण पूर्वेकडील अधिक पावसाच्या प्रदेशातील शेतीवरून ठरले होते. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ साली शुष्क प्रदेशाविषयी सादर केलेल्या अहवालात, अशा भागात चराऊ शेतीसाठी कुटुंबामागे २,५६० एकर लागतील, असे मत मांडले होते. पॉवेल यांचा रोख प्रामुख्याने आणखी पश्चिमेकडील प्रदेशावर होता. तथापि अपुऱ्या पावसाच्या जमिनीवर दाट शेतकरी वस्ती टिकणार नाही, हे त्यांचे सूत्र पुढे पश्चिम कॅन्ससलाही लागू पडले.

२. स्थलांतराची पार्श्वभूमी

अमेरिकन यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. त्यानंतरचा सुमारे बारा वर्षांचा काळ 'पुनर्रचनेचा काळ' म्हणून ओळखला जातो. दक्षिणेतील राज्यांत संघराज्याचे सैन्य असल्यामुळे या काळात कृष्णवर्णीयांना मतदान करता आले व काही पदेही मिळाली. परंतु त्यांना जमीन मिळाली नाही. बहुतेक जण पूर्वीच्या मालकांच्याच शेतांवर बटाईने राबू लागले आणि दुकानदाराच्या वहीतील कर्ज दरवर्षी पुढे सरकत राहिले. १८७७ च्या राजकीय तडजोडीनंतर उरलेले सैन्यही निघून गेले आणि दहशतीस आवर राहिला नाही.

या परिस्थितीत कॅन्ससचे नाव आशेचे ठरले. गुलामगिरीविरोधी लढ्याची भूमी अशी या राज्याची ख्याती होती. १८७९ साली दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससकडे निघाले. त्यांना 'एक्झोडस्टर' असे नाव पडले. निकोडेमस हे या मोठ्या लाटेच्या दोन वर्षे आधीचे आहे. पुढील लाट बऱ्याच अंशी उत्स्फूर्त होती, तर निकोडेमसची वसाहत आखणी करून वसविण्यात आली होती, हा भेद महत्त्वाचा आहे.

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिच्या सात सदस्यांपैकी सहा कृष्णवर्णीय होते. डब्ल्यू. एच. स्मिथ हे अध्यक्ष, तर धर्मोपदेशक सायमन राउंडट्री हे चिटणीस होते. सातवे सदस्य डब्ल्यू. आर. हिल हे इंडियानाहून आलेले श्वेतवर्णीय भूमिविकासक होते. काउंटीचे आजचे मुख्य ठाणे असलेल्या हिल सिटीला त्यांचेच नाव आहे. केंटकी राज्यातील चर्चमधून पत्रके वाटली गेली. पाच डॉलर भरणाऱ्यास गावात भूखंड मिळेल, असे आश्वासन देण्यात आले. गावाचे नाव बायबलमधील निकोडेमसवरून आले, की स्वतःची सुटका विकत घेणाऱ्या त्या नावाच्या एका दंतकथेतील गुलामावरून आले, याविषयी दोन मते आहेत. दुसरे मत अधिक प्रचलित आहे.

३. आगमन आणि पहिली वर्षे

राउंडट्री हे जून १८७७ मध्ये आले. जुलैमध्ये झॅकरी फ्लेचर व त्यांची पत्नी जेनी हे दांपत्य आले. झॅकरी पुढे गावाचे पहिले पोस्टमास्तर झाले आणि जेनी पहिल्या शिक्षिका. सप्टेंबरमध्ये केंटकीच्या लेक्सिंग्टन परिसरातून सुमारे ३०० ते ३५० माणसांचा मोठा जथा निघाला. रेल्वे एलिस या स्थानकापर्यंतच होती. तेथून ३० मैलांहून अधिक अंतर बहुतेकांनी पायी तुडविले.

पत्रकांत वर्णिलेले गाव तेथे नव्हते. होती ती जमिनीत खोदलेली घरे. उताराच्या पोटात खड्डा खणायचा, पुढची बाजू गवताळ मातीच्या ठोकळ्यांनी बांधायची आणि वर फांद्या व माती घालून छप्पर करायचे, अशी ही रचना असे. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणीनुसार, गाव कोठे आहे असे विचारल्यावर सोबतच्यांनी जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखविले आणि त्या दृश्याने त्यांना रडू कोसळले. सुमारे साठ कुटुंबे आल्या पावली परत गेल्याचे सांगितले जाते.

जे राहिले त्यांची स्थिती बिकट होती. पेरणीचा हंगाम टळून गेला होता. नांगर व बैल जवळजवळ नव्हते, त्यामुळे कुदळ-फावड्याने जमीन फोडावी लागली. सरपण म्हणून वाळलेले शेण व सूर्यफुलाचे ताट वापरले जाई. पुरुष रेल्वेच्या कामावर व दूरच्या शेतांवर मजुरीस जात आणि त्या काळात स्त्रियाच घर, मुले व शेत सांभाळीत. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी अन्न दिल्यामुळे वसाहत तगली, असे गावाच्या परंपरेत सांगितले जाते. प्रतिनिधींनी इतर भागांत फिरून धान्य व कपडे गोळा केले. परंतु १८७९ मध्ये वसाहतीने अशी मदत मागणे थांबविण्याचा निर्णय घेतला. परावलंबी म्हणून ओळख निर्माण होणे त्यांना नको होते, हे यातून दिसते.

४. भरभराट आणि रेल्वेचा प्रश्न

१८८० च्या सुमारास गाव व भोवतालची टाउनशिप मिळून सुमारे २६० कृष्णवर्णीय आणि सुमारे ६० श्वेतवर्णीय राहत होते. याच वर्षी ग्रॅहॅम काउंटीचे प्रशासन अस्तित्वात आले. १८७८ मध्ये आलेले तरुण एडवर्ड मॅकेब हे काउंटीचे लिपिकपद सांभाळू लागले. १८८२ साली ते कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले आणि १८८४ मध्ये पुन्हा निवडले गेले. राज्यव्यापी निवडणुकीतून तेथे पद मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. जमिनीत खोदलेल्या घरांच्या वस्तीतून पाच वर्षांत राज्यस्तरीय अधिकारी निर्माण व्हावा, यावरून त्या समाजाच्या राजकीय जागृतीची कल्पना येते.

१८८० नंतरच्या दशकात पाऊस बरा झाला. दगडी इमारती उभ्या राहिल्या. हॉटेल, चर्च, दुकाने, शाळा व बँक या संस्था आल्या. १८८६ मध्ये 'वेस्टर्न सायक्लोन' आणि १८८७ मध्ये 'निकोडेमस एंटरप्राइज' ही वृत्तपत्रे निघाली. काही श्वेतवर्णीय व्यापाऱ्यांनीही येथे दुकाने थाटली.

आता गावाला एकाच गोष्टीची उणीव होती, ती म्हणजे रेल्वेची. प्रेअरीत रस्ते नाममात्र होते. गव्हाची गाडी घोड्यांनी ओढून स्थानकापर्यंत नेण्यास दिवस लागे. ज्या गावात स्थानक, त्याच गावात कोठार, बाजार व सावकार येत. रेल्वे कंपन्यांना याची पूर्ण जाणीव होती. त्या गावागावांना परस्परांशी स्पर्धा करावयास लावीत. मार्च १८८७ मध्ये निकोडेमस टाउनशिपच्या मतदारांनी मिसूरी पॅसिफिक कंपनीस १६,००० डॉलरचे कर्जरोखे देण्यास मंजुरी दिली. तरीही तो मार्ग आला नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकचा मार्ग सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेला आणि काही मैलांवर बोग हे नवे गाव उभे राहिले. निकोडेमसचे व्यापारी तिकडे गेले. कित्येकांनी आपल्या इमारतीही उचलून नेल्या. गावाचा व्यापारी कणा एका वर्षात मोडला. मॅकेब हे पुढे ओक्लाहोमात गेले आणि तेथे १८९० मध्ये स्थापन झालेल्या लँग्स्टन या कृष्णवर्णीय नगराच्या उभारणीत त्यांनी प्रमुख भाग घेतला.

५. लहान गावाची लोकसंख्या कशी मोजावी ?

निकोडेमसच्या लोकसंख्येविषयी वाचताना अभ्यासकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. भरभराटीच्या काळात तेथे ६०० ते ७०० लोक होते असे काही ठिकाणी आढळते, तर अन्यत्र याहून बरेच कमी आकडे दिसतात. या विसंगतीची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण व्याख्येचे आहे. निकोडेमसला कधीही स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा मिळाला नाही. त्यामुळे 'गाव' म्हणजे रस्त्यालगतची वस्ती, की शेतांवर विखुरलेली कुटुंबे धरून संपूर्ण टाउनशिप, हे प्रत्येक लेखक आपापल्या परीने ठरवितो. होमस्टेड कायद्याची अटच अशी होती की शेतकऱ्याने आपल्या १६० एकरांवर राहावे. त्यामुळे येथील बहुसंख्य रहिवासी गावठाणात राहतच नव्हते. चर्च, शाळा व दुकान यांपुरते ते गावचे होते.

येथे एक साधे गणित उद्बोधक ठरते. एका मोजणी-टाउनशिपच्या ३६ विभागांपैकी १६ वा व ३६ वा हे दोन विभाग कॅन्ससमध्ये शाळांच्या निधीसाठी राखीव असत. उरलेल्या ३४ विभागांत १६० एकरांचे १३६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाच माणसांचे कुटुंब धरल्यास कमाल लोकसंख्या ६८० होते. हे गणित केवळ नमुन्यादाखल आहे. वास्तवात वसाहतकार आजूबाजूच्या टाउनशिपमध्येही होते आणि सर्व तुकडे एकाच वेळी वसलेले नव्हते. तरीही ६०० ते ७०० हा आकडा गावठाणाचा नसून समग्र शेतकरी समुदायाचा असावा, असे अनुमान त्यावरून करता येते.

दुसरे कारण साधनांचे आहे. गावाचा उत्कर्ष आणि रेल्वेचा फटका या दोन्ही घटना १८८० ते १८९० या दशकात घडल्या. परंतु १८९० च्या राष्ट्रीय जनगणनेची व्यक्तिनिहाय पत्रके १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीनंतर जवळजवळ पूर्णतः नष्ट झाली. सुदैवाने कॅन्सस राज्य १८६५ पासून १९२५ पर्यंत दर दहा वर्षांनी, पाचने संपणाऱ्या वर्षी, स्वतःची जनगणना करीत असे. त्यामुळे १८८५ व १८९५ च्या नोंदी उपलब्ध आहेत. कुटुंब कोणत्या राज्यातून कॅन्ससमध्ये आले, हेही त्यांत नोंदलेले असल्याने स्थलांतराच्या अभ्यासास त्या विशेष उपयुक्त आहेत.

तिसरे कारण आधुनिक आहे. २०२० च्या जनगणनेत निकोडेमसची लोकसंख्या १४ नोंदली गेली. पण या जनगणनेत व्यक्तींची गोपनीयता राखण्यासाठी 'विभेदक गोपनीयता' ही गणिती पद्धत वापरली गेली. तीत राज्याची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेवली जाते. मात्र त्याखालील लहान क्षेत्रांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर अल्पशी भर किंवा घट केली जाते. मोठ्या शहरात तिचा परिणाम नगण्य असतो. अतिलहान गावात मात्र तीच भर ठळक दिसते. नेब्रास्का राज्यातील मोनोवी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९३० च्या दशकात सुमारे १५० वस्ती असलेल्या या गावात २००० साली दोन आणि २०१० साली एकच व्यक्ती नोंदली गेली. २०२० मध्ये तेथे एकच वृद्धा राहत असूनही जनगणनेने दोनचा आकडा प्रसिद्ध केला. तेव्हा निकोडेमसच्या '१४' कडेही ठाम संख्या म्हणून न पाहता 'दहा-पंधराच्या आसपास' असे पाहणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल.

६. ऱ्हासाची कारणे

रेल्वे गेली म्हणून गाव एका दिवसात संपले नाही. व्यापारी गेले, शेतकरी मात्र राहिले. १८८८ नंतर निकोडेमस हे नगर होण्याचे स्वप्न सोडून शेतकऱ्यांचे गाव झाले आणि पुढील सुमारे चार दशके त्या रूपात ते चांगले टिकले. बॅप्टिस्ट चर्चची इमारत १९०७ मध्ये आणि शाळेची सध्याची इमारत १९१८ मध्ये उभी राहिली, ही त्याची साक्ष होय.

खरा तडाखा १९३० च्या दशकात बसला. जागतिक मंदीने गव्हाचे भाव कोसळले आणि त्याच सुमारास दीर्घ अवर्षण व धुळीची वादळे सुरू झाली. गवताची मुळे नांगराने उखडलेली असल्याने मातीला धरून ठेवणारे काही उरले नव्हते. शासकीय रोजगार योजनेतून १९३९ मध्ये टाउनशिप सभागृह बांधले गेले. परंतु लोकांचे जाणे थांबले नाही. १९५० मध्ये गावठाणात अवघी १६ माणसे उरल्याचे सांगितले जाते आणि १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले.

ही घसरण केवळ निकोडेमसची नव्हती. ग्रॅहॅम काउंटीची लोकसंख्या १९१० मध्ये ८,७०० होती. ती २००० मध्ये २,९४६ आणि २०२० मध्ये २,४१५ झाली. वरील गणित येथेही उपयोगी पडते. ट्रॅक्टर व कापणी-मळणी यंत्रांमुळे एक कुटुंब १६० एकरांऐवजी १,२८० एकर कसू लागले असे धरू. मग ३६ चौरस मैलांच्या, म्हणजे २३,०४० एकरांच्या, टाउनशिपमध्ये १८ शेतेच मावतात. कुटुंब तीन माणसांचे धरल्यास लोकसंख्या ५४ होते. जमीन तीच आणि पीकही तेच. माणसे मात्र एक-दशांशाहून कमी. शेती बुडाली म्हणून गाव रिकामे झाले, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. शेती यशस्वी झाली तरी प्रेअरीतील गाव रिकामे होऊ शकते.

लोकसंख्या एका मर्यादेखाली गेली की संस्था बंद पडू लागतात. दुकानाला गिऱ्हाईक पुरत नाही, शाळेला पट पुरत नाही. शाळा गेली की मुले असलेली कुटुंबे जातात. मग उरते ती वृद्धांची वस्ती, जेथे मृत्यू जन्मांहून अधिक असतात.

निकोडेमसच्या बाबतीत आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. जमीन वाढविण्यासाठी व यंत्रे घेण्यासाठी कर्ज लागते आणि कर्ज मिळण्यात वर्णभेद आडवा येई. अमेरिकेच्या कृषी खात्याने कर्जवाटपात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना डावलल्याचा सामूहिक दावा न्यायालयात चालला आणि १९९९ मध्ये त्यात तडजोड होऊन भरपाईचा मार्ग मोकळा झाला. तोवर अनेकांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या. शेजारच्या श्वेतवर्णीय शेतकऱ्याचा मुलगा शहरात गेला तरी त्याची जमीन पुष्कळदा कुटुंबाच्या नावावर राहिली. निकोडेमसच्या वंशजांना मात्र ती टिकविणेही कठीण गेले. १८७७ मध्ये ज्या गोष्टीसाठी एवढी पायपीट केली, तीच गोष्ट हातून निसटण्याचा हा प्रसंग होता.

७. रहिवासी आणि गावकरी

जनगणना केवळ वास्तव्य मोजते. आपलेपणा मोजण्याची सोय तीत नाही. निकोडेमसमध्ये १८७८ पासून मुक्तिदिनाचा उत्सव होत आला आहे. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वेस्ट इंडीजमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, त्या स्मृतीशी तो निगडित आहे. पुढे त्यास 'घरवापसी'च्या मेळाव्याचे रूप आले. दरवर्षी जुलैच्या अखेरीस निरनिराळ्या राज्यांत विखुरलेले वंशज गावी येतात आणि त्या दोन-तीन दिवसांत गावची वस्ती अनेक पटींनी वाढते. पुणे-मुंबईस नोकरी करणारा माणूस जसा जत्रेला गावी येतो, तशाच प्रकारचा हा संबंध आहे. येथे जन्मलेले व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या नामवंत अमेरिकन फुटबॉल संघात निवडले गेले आणि पुढे त्यांनी कॅन्सस राज्य विद्यापीठात प्रशासक म्हणून काम केले. गावाशी त्यांचे नाते २०२२ मधील त्यांच्या निधनापर्यंत टिकून होते.

या नात्याच्या बळावरच गावाचे जतन शक्य झाले. १९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. १९८८ मध्ये वंशजांच्या पुढाकाराने निकोडेमस ऐतिहासिक संस्था स्थापन झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये हे स्थळ राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत आले. टाउनशिप सभागृह, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल, बॅप्टिस्ट चर्च व आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या पाच वास्तू त्यात समाविष्ट आहेत. शासन, शिक्षण, व्यवसाय आणि धर्म ही सामुदायिक जीवनाची चारही अंगे या पाच इमारतींत प्रतिबिंबित झाली आहेत.

तथापि वारसास्थळ होणे आणि गाव म्हणून जिवंत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिंती दुरुस्त करता येतात. शाळेचा पट मात्र निधीने वाढत नाही. इमारतींचे जतन झाले, पण तेथील शेतजमिनीशी वंशजांचा असलेला संबंध तुटला, तर उरेल ते स्मारक असेल, गाव असणार नाही. जमीन कसणारी काही वंशज कुटुंबे अद्याप त्या परिसराशी निगडित आहेत, ही त्यातील आश्वासक बाब होय.

समारोप

निकोडेमसच्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, कायदा समान असला तरी त्याचा लाभ घेण्याची साधने समान नसतात. होमस्टेड कायद्याने १६० एकर दिले. नांगर, बैल, बियाणे व पत दिली नाही. दुसरा असा की, प्रेअरीतील गावांचे भवितव्य पुष्कळदा गावाबाहेरच्या निर्णयांनी ठरले. रेल्वेचा मार्ग, गव्हाचा भाव आणि कर्जाचे धोरण यांपैकी एकही गोष्ट गावकऱ्यांच्या हाती नव्हती. तिसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयी आहे. वस्ती जितकी लहान तितका तिच्या आकड्याचा अर्थ अधिक काळजीपूर्वक लावावा लागतो. तो कोणत्या सीमेचा, कोणत्या साधनातून आलेला आणि कोणत्या पद्धतीने प्रसिद्ध केलेला आहे, हे तपासल्याखेरीज वाढ वा घट यांविषयी विधान करणे धाडसाचे ठरते.

कृष्णवर्णीयांनी पुनर्रचनाकाळाच्या अखेरीस मिसिसिपीच्या पश्चिमेस वसविलेल्या नगरांपैकी बहुतेकांचा आज मागमूसही उरलेला नाही. निकोडेमस मात्र लहान झाले, तरी नाहीसे झाले नाही. चौदा हा आकडा त्यामुळे एका ऱ्हासाचा जसा द्योतक आहे, तसाच दीडशे वर्षे जमीन न सोडणाऱ्या चिवटपणाचाही आहे. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकाने या दोन्ही अर्थांची नोंद घ्यावयास हवी.